रास अल खैमाला दोन दिवस द्यावेत का? (सोबत आई-बाबा आणि तेरा वर्षांचं कार्टं)

मोगरा_कोथरूड | १२ नोव्हेंबर २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा दिवस दुबईला धाकट्या भावाकडे निघालोय. मी, नवरा, मुलगा (१३) आणि माझे आई-बाबा. आई ६६, बाबा ७१. बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो. ते एसटीत ड्रायव्हर होते, सावंतवाडी डेपो. त्यामुळे कुठेही न्या, आधी रस्ता बघतात, मग देखावा.

भावाने आखलेला कार्यक्रम असा: उंच इमारत, मॉल, दुसरा मॉल, मॉलमधलं मत्स्यालय. बाबांनी परवा फोनवर जाहीर केलं, "दुकानां बघूक मी इमानात बसूचंय नाय." इकडे मुलगा रास अल खैमाच्या (दुबईच्या उत्तरेची दुसरी अमिरात) झिपलाइनचा, म्हणजे तारेला लटकून दरीवरून सुसाट जायचं त्याचा, व्हिडिओ दिवसातून चार वेळा दाखवतो. भाऊ म्हणतो, "ताई, तिकडे काय नाहीये गं. उघडे डोंगर आणि सिमेंटचे कारखाने."

तर, सहातले दोन दिवस रास अल खैमाला द्यावेत का? म्हाताऱ्या माणसांना झेपेल असं काय आहे? खरोखर गेलेल्यांनी सांगावं, यूट्यूब मीही बघते.

---

खडूस_काका | रात्री ९:४४

पहिला प्रतिसाद माझा. (गेलेलो नाही.)

---

मिरगाचा_पाऊस | रात्री ९:५१

नाव वाचून आधी वाटलं भविष्याचा धागा आहे. तुमची रास कोणती? अल खैमा. साडेसाती चालू, पैसा वाळूसारखा निसटेल.

---

वाळूतला_कोकणी | रात्री १०:३०

ताई, मी अकरा वर्षं इथेच राहतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो. आणि हो, 'रास' म्हणजे डोकं किंवा टोक, 'खैमा' म्हणजे तंबू. मिरगाचा पाऊस, तुमची पत्रिका नंतर बघू.

तुमच्या भावाचं चूक नाही. दुबईत राहणारे लोक इकडे येतात ते एखाद्या रिसॉर्टमध्ये, खोलीतून तरणतलाव, तलावातून खोली. पण या अमिरातीची गंमत म्हणजे सगळं हाताच्या अंतरावर आहे. सकाळी खाडीत कांदळवनं आणि रोहित पक्षी, दुपारी लाल वाळूच्या टेकड्या, संध्याकाळी जेबेल जैस डोंगरावर थंडीने कुडकुडत चहा. दुबईत हे एका दिवसात जमवून दाखवा.

जेबेल जैस १,९०० मीटरच्या आसपास आहे आणि रस्ता जवळजवळ वरपर्यंत डांबरी. माथ्याची धार ओमानच्या हद्दीला टेकलेली. १,२५० मीटरवर देखाव्यासाठी कठडे, बाकं आणि स्वच्छतागृहं असलेली सपाट जागा आहे, बाबांना तिथे तासभर बसवा, पायऱ्या नाहीत. डिसेंबरात खाली २४-२५ अंश असलं तरी वर दहा-बारा अंशांनी कमी धरा, शिवाय वारा. कानटोपी न्याच. २००९ आणि २०१७ साली वर बर्फ पडलं होतं, त्या दिवशी अख्खी यूएई गाड्या काढून वर निघाली होती.

गाडी भावाचीच घ्या. टॅक्सी वर नेईल, पण परत आणायला वर कोण बसलंय? भाड्याची गाडी घेणार असाल तर भारतातला परवाना पाहुण्यांना चालत नाही, इंटरनॅशनल परमिट आरटीओतून आधीच काढून आणा.

आणि शुक्रवार दुपार ते रविवार रात्र वर जाऊ नका. सगळे आडवाटेला कोळसे पेटवून मांस भाजत असतात, धुरात डोंगर शोधावा लागतो.

---

रानवाटा | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

विरोधी मत नोंदवतो, माफी असावी. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाला जोडून गेलो होतो. रस्ता झकास, सेल्फी झकास. पण डोंगर म्हणाल तर एक झाड नाही, एक झरा नाही, पक्ष्याचा आवाज नाही. गाडीतून उतरा, फोटो काढा, गाडीत बसा. आपल्याकडे एवढ्या पैशात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड करून वर आठवडाभर भंडारदऱ्याला राहता येईल. उघड्या खडकाला काय बघायचं?

---

खडूस_काका | सकाळी ७:२२

कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तुमचा उघडा खडक महाराष्ट्राच्या छपरापेक्षा अडीचशे मीटरने उंच निघाला हो. (मी दोन्हीकडे गेलेलो नाही.)

---

खडकपाणी | सकाळी ११:०५

रानवाटा, उघड्या खडकालाच बघायचं असतं! आमच्या धंद्यात झाडं ही अडचण समजली जाते.

गमतीचा भाग सोडा. सह्याद्रीचा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. आडवे, एकावर एक, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे. त्या लाव्हात शिंपला शोधत बसलात तर जन्म जाईल. जैसचा डोंगर नेमका उलटा. तो चुनखडीचा, म्हणजे एका जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. डायनोसॉरच्या काळातला. पुढे जमिनी एकमेकींवर रेटल्या गेल्या आणि तो तळ दीड-दोन किलोमीटर वर आला. वळणावर गाडी थांबवून समोरच्या कड्याकडे बघा, थर वाकलेले दिसतात, घडी घालताना चादर दुमडावी तसे. खाली पडलेल्या दगडात शिंपल्यांच्या खुणा दिसतात. मुलाला तेरा वर्षं आहेत ना? त्याला सांगा, तू समुद्राच्या तळावर उभा आहेस.

वेळ असेल तर दक्षिणेला वादी शौकाकडे जा (वादी म्हणजे एरवी कोरडी असलेली नदीची दरी). तिथे डोंगरांचा रंगच बदलतो, चॉकलेटी-काळपट. ते खडक महासागराच्या कवचाचे आणि त्याखालच्या प्रावरणाचे, जे एरवी कित्येक किलोमीटर खोल असतं. जगात फार थोड्या ठिकाणी ते असं उघड्यावर चालत जाऊन बघता येतं, आणि झाडी नाही म्हणूनच बघता येतं.

---

रानवाटा | सकाळी ११:४०

बरं, हे कुणी तेव्हा सांगितलं नव्हतं. आमच्या गाइडने फक्त "फोटो पॉइंट, सर" एवढंच सांगितलं. अर्धी माघार.

---

बदलापूर_लोकल | दुपारी १:१८

रोहित बघायला तिकडे कशाला? ठाणे खाडीत या, ऐरोलीहून बोट सुटते, हजारोंनी दिसतात.

---

वाळूतला_कोकणी | दुपारी २:००

मान्य. इथे शेकड्यांनीच असतील. पण तुमच्याकडे बोटीआधी दोन लोकल बदलाव्या लागतात. इथे मी भाजी आणायला निघालो तरी खाडीच्या कडेला उभे असतात, एका पायावर, जसे काही माझीच वाट बघतायत.

---

उंच_माझा_झोका | दुपारी ३:३३

झिपलाइनबद्दल कुणीच लिहीत नाहीये, म्हणून मी. २०१८ साली सुरू झाली, लांबी २.८३ किलोमीटर, जगातली सगळ्यात लांब म्हणून गिनेसमध्ये नोंद. पोटावर झोपवून, पिशवीत गुंडाळून, डोकं पुढे करून सोडतात. मी केलीय. पहिले पाच सेकंद फक्त आईची आठवण आली. वेग दीडशेपर्यंत जातो म्हणतात. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास, पण पायाखालची दरी बघताना ती मिनिटं लांबतात.

वजन-उंचीच्या अटी आहेत, तेरा वर्षांचा मुलगा बारीक असेल तर आधीच तपासा. वारा वाढला की बंद ठेवतात, तेव्हा मुलाला कबूल करताना "वाऱ्याची इच्छा असेल तर" एवढं पुढे जोडा. पर्याय म्हणून रुळावरची घसरगाडी आहे, ब्रेक आपल्याच हातात असतो. मला तीच जास्त आवडली.

---

निवृत्त_फिटर | रात्री १०:५०

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण सिमेंटच्या कारखान्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

१९९८ ते २०१५ मी रास अल खैमात एका कारखान्यात फिटर होतो. कंपनीचं नाव नको. खोलीत आठ जण. सुट्टी शुक्रवारची, ती कपडे धुण्यात, आठवड्याचं कालवण करण्यात आणि गावी फोन लावायच्या रांगेत जायची. डोंगर खोलीच्या खिडकीतून दिसायचा. सकाळी निळा, दुपारी धुळीत नाहीसाच व्हायचा, मावळतीला विटेसारखा लाल. सतरा वर्षं रोज बघितला. वर जायचं कधी सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी गाडी कुणाची?

कायमचं परत यायच्या आठवड्यात कॅन्टीनला सामान पुरवणारा एक मल्याळी म्हणाला, चला, तुम्हाला सोडायच्या आधी वर नेतो. सहा जण व्हॅनमध्ये मागे बसून गेलो, कारखान्याची जाड जाकिटं घालून. वर कागदात गुंडाळलेले पराठे आणि अंडी खाल्ली. राजापूरचा एक जण खाली बोट दाखवून म्हणाला, ती बघ आपली चिमणी. काडेपेटीतली काडी उभी करावी एवढी दिसत होती. बराच वेळ कुणी बोललं नाही.

ताई, वडिलांना न्या.

---

मोगरा_कोथरूड | रात्री ११:२०

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दोन दिवस नक्की. आता फक्त कुठे आणि कसं एवढंच सांगा सगळ्यांनी.

---

गडकोट | १४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

बाबा सावंतवाडी डेपोचे म्हणालात, मग हे त्यांना वाचून दाखवा.

शहराच्या उत्तरेला धाया नावाचं गाव आहे, खजुराच्या बागेवर एक सुटी टेकडी, टेकडीवर दोन बुरुजांची छोटी गढी. वर जायला २३९ पायऱ्या. डिसेंबर १८१९ मध्ये इंग्रजांनी आधी रास अल खैमा शहर घेतलं, मग धायाच्या गढीला वेढा दिला. गढी दाद देईना, तेव्हा 'लिव्हरपूल' या युद्धनौकेवरच्या दोन चोवीस पौंडी तोफा उतरवून चिखलातून ओढत आणल्या. दोन तास भडिमार झाला आणि २२ डिसेंबरला गढी पडली.

ही मोहीम निघाली कुठून? मुंबईहून. मुंबई लष्कराचे देशी शिपाई सोबत होते. सेनापती मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर. आणि याच कीरने त्याच वर्षी फेब्रुवारीत काय केलं होतं? सावंतवाडीवर चालून जाऊन रेडीचा यशवंतगड घेतला होता. इंग्रजी कागदांत 'रारी' लिहिलंय, ते आपलं रेडी. म्हणजे एकाच साली, एकाच माणसाने वेंगुर्ल्याच्या कुशीतला गड आणि आखातातली ही गढी, दोन्ही घेतली.

आणखी एक. इंग्रज इथल्या कासिमींना (इथलं सत्ताधारी घराणं) 'चाचे' म्हणत. कान्होजी आंग्र्यांनाही चाचेच म्हणत. आपल्या किनाऱ्यावर जो कर मागेल तो चाचा, असा साधा हिशेब. शारजाच्या सध्याच्या शासकांनी, जे स्वतः कासिमी घराण्यातले आहेत, या आरोपाविरुद्ध कागदपत्रं धुंडाळून मोठं संशोधन केलंय.

---

मोगरा_कोथरूड | सकाळी ८:१०

गडकोट, काय लिहिलंत! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "रेडीची वस्तीची गाडी मी तीन वर्षां मारलंय. गड काय कधी चढाक गावलो नाय." आता पायऱ्या किती ते तीनदा विचारून झालंय. गुडघ्याचं काय करू?

---

गडकोट | सकाळी ८:२५

सकाळी लवकर न्या, हळूहळू. अर्ध्यावर थांबले तरी एका बाजूला बाग, दुसऱ्या बाजूला डोंगर दिसतो. वर काही बडेजाव नाही, मातीच्या भिंती आणि वारा. रायगड डोक्यात ठेवून जाल तर हिरमोड होईल.

---

चकलीताई | सकाळी ९:४५

फिरायचं बघताय, सामानाचंही बघा. भावासाठी फराळ नेणार ना? अनारसे नेऊ नका! यूएईत खसखशीवर बंदी आहे, चिमूटभरही चालत नाही. माझ्या नणंदेने विमानतळावर जायच्या आधी अख्खा डबा सोसायटीच्या वॉचमनला दिला. चिवडा, चकली, लाडू खुशाल न्या.

---

मिरगाचा_पाऊस | सकाळी ९:५८

वॉचमनची मात्र रास उच्चीची.

---

पांढऱ्या_पायाची | सकाळी ११:३०

अल जझीरा अल हमराला जा! अख्खं गाव ओसाड. मोत्यांवर जगणाऱ्या लोकांचं गाव होतं, घरं प्रवाळाच्या दगडांची. १९६८ च्या सुमारास लोक उठून अबूधाबीला गेले. रात्री जिन फिरतात म्हणतात. आम्ही अंधार पडता पडता गेलो होतो, एका खिडकीत पांढरं काहीतरी हललं. मी बघितलंय.

---

वाळूतला_कोकणी | सकाळी ११:५२

शेळी असणार. नाहीतर फोटोवाला. आता डागडुजी झालीये, दर वर्षी तिथे कलामहोत्सव भरतो, जिनांना तिकीट काढून आत जावं लागतं.

भिंती मात्र जवळून बघा. प्रवाळाच्या दगडाला मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असतात, नख लावलं तर भुगा हातात येतो. समुद्रातून काढलेलं घर. चांगल्या घराला वारा खाली ओढून घेणारा मनोरा, गरिबाच्या घराला झावळ्या. कोकणातल्या माणसाला दोन्ही ओळखीचं वाटेल.

---

देवचार_प्रसन्न | दुपारी १२:१०

आमच्या वाडीत देवचार रोज रात्री राखणीला फिरतो, त्याला कधी तिकीट लावलं नाही. बाबांना कसली भीती, नेऊन सोडा.

---

मोतीचूर | दुपारी ४:०५

मोत्यांचा विषय निघालाच आहे तर. आमच्या आजोबांचे एक स्नेही मुंबईत मोती विंधायच्या धंद्यात होते. आखातातला मोती मुंबईला यायचा, इथे निवडायचा, विंधायचा, मग पॅरिसपर्यंत जायचा. आखातात तर १९६६ पर्यंत भारताचा रुपयाच चालायचा, त्यासाठी १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने वेगळ्या नोटा काढल्या होत्या. मोत्यांचा धंदा त्याच्या बराच आधी बसला होता, जपानी कल्चर्ड मोती आणि १९२९ ची मंदी एकदमच येऊन आदळली.

अल रम्स गावाजवळ मोत्यांची शेती आहे, तिथे बोटीने नेतात. पाणबुड्याच्या नातवानेच ती सुरू केलीये. बुडी मारणाऱ्याला 'घैस' म्हणतात आणि वर होडीत बसून त्याचा दोर धरणाऱ्याला 'सैब'. नाकाला लावायचा चिमटा मी हातात घेऊन बघितला, कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा. पायाला दगड बांधून माणूस तळाशी जायचा, टोपली भरायची, दोर हलवायचा, की सैबने ओढायचं. सैब पेंगला तर घैस संपला. म्हणून बरेचदा सैब नात्यातला असायचा.

शेवटी एक शिंपला तुमच्यासमोर उघडतात. आमच्या शिंपल्यात निघाला वाटाण्याएवढा, जरा वाकडा. बायको म्हणाली, हाच आपला.

---

खडूस_काका | दुपारी ४:१२

घैस बुडी मारायचा आणि दोर 'सास'ने धरला असता तर घैसास झाले असते.

---

संपादक | दुपारी ४:२०

आडनावांवर विनोद नकोत. (हा चांगला होता, म्हणून ठेवतोय.)

---

धूळवाट | संध्याकाळी ६:३७

सगळे डोंगरावरच अडकलेत. वाळवंटात जाऊन डेझर्ट सफारी नाही केली तर काय केलं? गाडी वाळूच्या टेकडीवरून आडवी घसरते तेव्हा जी मजा येते, बाप्पा! मग उंटावर फेरी, नाच, जेवण. आम्ही नागपूरचे पंधरा जण होतो, धमाल आली.

---

हिरवं_पान | संध्याकाळी ७:४५

धूळवाट, पंधरातल्या किती जणांना उलट्या झाल्या तेही लिहा ना. ७१ वर्षांच्या माणसाच्या पाठीला ते हादरे नकोत, आणि वाळूलाही नकोत. ती टेकडी रिकामी दिसते, पण पावसाच्या एका सरीवर उगवायला टपलेलं बी त्यात असतं, सरडे असतात. चाकाखाली काय चिरडलं ते कळतही नाही.

त्यापेक्षा अल वादीच्या राखीव भागात चालत जा. वाळू खरंच तांबडी आहे, लोहामुळे. पांढरे ओरिक्स दिसतात, हरणासारखे, सरळ लांब शिंगांचे. जंगलातून नामशेष झाले होते, बंदिस्त जागेत वाढवून परत आणलेत.

आणि आईंना 'गाफ'चं झाड दाखवा. यूएईचं राष्ट्रीय झाड. वाळूत एकटंच उभं असतं, मुळं खोल पाण्यापर्यंत गेलेली. ते म्हणजे आपली शमी हो! तीच, दसऱ्याला जिची पूजा करतो. मला तिथल्या एका माळ्याने फांदी खाली ओढून दाखवली तेव्हा पानं आणि काटे बघून ओळख पटली. अंगावर शहारा आला.

---

धूळवाट | रात्री ८:०२

तिघांना झाल्या. पण जेवणाआधी, म्हणून चालतंय.

---

रानवाटा | रात्री ८:३०

शमी? मी म्हणालो होतो 'एक झाड नाही'. उरलेली अर्धी माघार.

---

भिजलेला_वाटसरू | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:४४

एक गंभीर सूचना. वादी शौका किंवा कुठल्याही वादीत जाल तेव्हा आकाश बघा, आणि आपल्या डोक्यावरचंच नाही, वर डोंगरावरचंही. जमीन पाणी पीत नाही. लांब पडलेला पाऊस अर्ध्या तासात भिंतीसारखा खाली येतो. यंदा १६ एप्रिलला अल ऐनकडे एका दिवसात २५४ मिलिमीटर पाऊस झाला, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाच. वाहत्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम दंड आणि गाडी ६० दिवस जप्त. "पावसात भिजायला जाऊ" ही आपली सवय इथे नको.

---

चकलीताई | दुपारी १:३०

आम्ही ताम्हिणीवाले गप्प बसतो.

---

निवृत्त_फिटर | रात्री ९:१५

अजून एक. थंडीत दिगदागाजवळ अल सवानला उंटांच्या शर्यती असतात, पहाटे. पैसे लागत नाहीत. उंटाच्या पाठीवर माणूस नसतो, छोटं यंत्र असतं, चाबकासकट. मालक बाजूच्या रस्त्यावरून गाड्या पळवत यंत्राला हुकूम सोडतात. खरी शर्यत गाड्यांचीच वाटते. एसटीच्या माणसाला आवडेल.

---

मोगरा_कोथरूड | ९ जानेवारी २०२५, रात्री १०:०५

आलो! वृत्तांत देते म्हणाले होते, घरी येताच सगळे तापाने पडलो म्हणून उशीर.

दोन दिवसच मिळाले, मंगळवार-बुधवार. सगळं झालं नाही. मोत्यांची शेती राहिली, उंट राहिले (पहाटे कुणी उठलं नाही), शौका राहिलं.

जैस. बाबा पुढच्या सीटवर. भाऊ चालवतोय. पायथ्यापासूनच बाबांची उलटतपासणी सुरू. रस्ता किती रुंद, कठडा कशाचा, दरड कोसळू नये म्हणून जाळी कुठे मारलीय. पुढच्या गाडीच्या ब्रेकचा वास आला तर म्हणाले, "हो माणूस गियरात उतरणा नाय." उतरताना भावाला सारखं "सेकंड घाल, सेकंड घाल." ऑटोमॅटिक गाडीत सेकंड कुठला घालायचा यावर दहा मिनिटं वाद, शेवटी भावाला एक बटण सापडलं जे चार वर्षांत त्याने कधी दाबलं नव्हतं. खाली पोचल्यावर बाबांनी चाकाजवळ हात नेऊन बघितला. गार. मग एकच वाक्य, "असो रस्तो आंबोलीक दिल्यानी असतो तर मी आणखी पाच वर्षां नोकरी केली असती."

खाली गाडीतला काटा २३ दाखवत होता, वर ११. आईने कानटोपीवर शाल, शालीवर माझी ओढणी. झिपलाइन वाऱ्यामुळे बंद. मुलगा अर्धा तास बोलला नाही. मग घसरगाडी केली, तीनदा. खडकपाणी, त्याला समुद्राच्या तळाचं सांगितलं. तो म्हणाला "हो का" आणि मोबाईल बघायला लागला. पण संध्याकाळी खिशातून एक दगड काढला, त्यात शिंपल्याची चंद्रकोर. तुम्ही सांगितलं म्हणून शोधत होता, आम्हाला न सांगता. दगड परत ठेवायला लावला, तेव्हा पुन्हा अर्धा तास बोलला नाही.

धायाला बाबा अर्ध्यापर्यंत चढले, काठी टेकत. तिथल्या कठड्यावर बसले. आम्ही वर जाऊन आलो तर ते एका पेशावरच्या बसड्रायव्हरशी हिंदीत बोलत होते. तो पर्यटकांना घेऊन आला होता. विषय: उतारावर भरलेली गाडी. दोघांची हिंदी एवढी वाईट की आम्हाला काही कळेना, त्यांना सगळं कळत होतं. त्याने आम्हाला सगळ्यांना करक चहा पाजला. करक म्हणजे आपलाच कडक. गडकोट, वरून बाबांनी सांगितल्याप्रमाणे फोटो काढलेत, रेडीच्या एका जुन्या कंडक्टर मित्राला पाठवायचेत.

शमी. हिरवं पान, तुमच्यामुळे. अल वादीला न जाता रस्त्याकडेलाच सापडली. खालची पानं एका रेषेत कापल्यासारखी, कारण उंटाची मान पोचते तिथपर्यंत तो खातो. आम्ही गेलो तेव्हाही एक खात होता. आईने चपला काढल्या, वाळूत उभी राहून हात जोडले. उंट चघळत बघत होता.

रानवाटा, भावाने पुढच्या महिन्यात मित्रांना घेऊन जायचं ठरवलंय.

---

रानवाटा | रात्री १०:३१

उरलीसुरली माघारही घ्या.

---

निवृत्त_फिटर | रात्री ११:४०

वरून चिमण्या दिसल्या का?

---

मोगरा_कोथरूड | १० जानेवारी, सकाळी ७:०२

हो काका. थोडी धूळ होती, पण बाबांनीच दाखवल्या. त्यांना तुमचा प्रतिसाद आधीच वाचून दाखवला होता.

---

सोलापुरी_चादर | १८ जानेवारी, दुपारी ३:१५

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. आम्ही मार्चच्या शेवटी जातोय. तेव्हा ऊन फार असेल का? आणि खटचे गरम पाण्याचे झरे कसे आहेत?

---

वाळूतला_कोकणी | दुपारी ४:००

मार्चअखेर दुपारी तापतं, सोलापूरकरांना चालेल. खटचं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे सकाळी लवकर जा. कानटोपी तरीही न्या, जैससाठी.